दोन मिनिटं, जरा लक्ष ठेवाल?

नाही, पण मला एक सांगा, दोन मिनिटं म्हणजे किती? घड्याळातली म्हणतोय मी! एकशेवीस सेकंद, बरोबर? फार तर पाच मिनिटं धरा, पोट बिघडलेलं असेल तर पंधरा धरा, आणि माणूस आत फोन घेऊन बसणाऱ्यांपैकी असेल तर... जाऊ दे, अर्धा तास धरा! मी समजूतदार माणूस आहे, मी अर्धा तास धरतो. पण त्यापुढे? त्यापुढेही दोन मिनिटंच म्हणायचं का? दोन मिनिटं म्हणाला हो तो माणूस. दोनच मिनिटं!

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, हा गृहस्थ भांडकुदळ दिसतोय. मी भांडकुदळ नाही. मी माहितीपुस्तकं लिहितो. म्हणजे नवं वॉशिंग मशीन आणलंत की खोक्यातून एक चोपडं निघतं ना, जे तुम्ही न वाचता ड्रॉवरमध्ये टाकता... ते मी लिहितो. ‘पायरी एक: झाकण उघडा. पायरी दोन: कपडे टाका. इशारा: यंत्र चालू असताना हात आत घालू नये.’ वीस वर्षं हेच लिहितोय, त्यामुळे नियम म्हटला की माझी पाठ आपोआप ताठ होते. आधी घरीच बसून लिहायचो, पण घरी आता बायकोच्या ऑनलाइन शिकवण्या, एका खोलीत ती ओरडतेय, "अरे म्यूट काढ! म्यूट काढ!" आणि दुसऱ्या खोलीत मी लिहितोय, ‘यंत्राचा आवाज आल्यास घाबरू नये’... जमेल का सांगा! शेवटी तीच म्हणाली, "अहो, तुम्ही कॅफेत जाऊन बसा की. हल्ली सगळे तिथेच बसतात दिवस दिवस." सगळे तिथेच बसतात! मला आपलं वाटलं, हौसेनं बसतात.

तर आलो इथं. आणि तुम्हाला सांगतो, कॅफेत लॅपटॉप घेऊन बसायचं म्हणजे काय थट्टा नाही, त्याचेही नियम आहेत, आणि ते कोणी लिहून ठेवलेले नसले तरी मी पाळतो. एकटा माणूस असाल तर चौघांचं टेबल अडवायचं नाही. दीड तासाला एक कॉफी मागवायचीच, उगाच रिकामा कप पुढे ठेवून भरल्यासारखा चेहरा करायचा नाही. फोन आला की बाहेर. चार्जरची वायर येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात येता कामा नये. कप आपला आपण उचलायचा. दुसऱ्याच्या स्क्रीनमध्ये डोकावायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम, शेजारचा माणूस उठताना म्हणाला, ‘जरा लक्ष ठेवाल का?’ तर हो म्हणायचं आणि ठेवायचं! ओळख नाही, पाळख नाही, पण त्या क्षणी त्याचं सगळं तुमच्या भरवशावर असतं. शिष्टाचार म्हणजे शिष्टाचार!

तर त्या दिवशी अकराचा सुमार. मी नुकतीच माझी वायर नीट गुंडाळून टेबलाखाली सरकवलेली. शेजारच्या टेबलावर एक राखाडी स्वेटरवाला. त्याचा चेहरा कसा होता विचाराल तर... गंमत बघा, मला आठवतच नाही. दाढी वाढलेली होती एवढं खरं. तो उठला, आणि उठताना त्याचे गुडघे असे कडाकड वाजले, जणू महिनाभर उभा राहिलेला नाही! माझ्याकडे बघून हसला. कसा हसला सांगू? स्टेशनवर तासन् तास ताटकळल्यावर आपला माणूस गर्दीत दिसतो ना, तसा. म्हणाला, "जरा लक्ष ठेवाल का? दोन मिनिटांत आलो. तुम्ही सभ्य दिसता." आता कोणी सभ्य म्हटलं की माणूस विरघळतो. मी काय म्हणालो असेन? "हो हो! निवांत जा!"

निवांत! माझीच जीभ हो ही, माझीच!

मी पाहिलं, तो काउंटरच्या मागच्या बाजूला गेला, तिथं ते टॉयलेटचं दार आहे, बघा, तेच. मी इमानेइतबारे लक्ष ठेवायला लागलो. लॅपटॉप उघडा, शेजारी कॉफी, वाफ येतेय. दहा मिनिटं झाली, वीस झाली. म्हटलं, असतात बिचाऱ्याचे त्रास. चाळीस झाली तेव्हा मला काळजी वाटायला लागली, आत चक्कर येऊन पडला असला तर? एक डोळा लॅपटॉपवर ठेवून काउंटरपर्यंत गेलो. तिथं त्या चष्म्याला साखळी लावलेल्या बाई असतात, त्यांना म्हटलं, "अहो, ते राखाडी स्वेटरवाले गृहस्थ टॉयलेटमध्ये गेलेत, जरा दार वाजवता का?" बाई कप पुसतायत. वर न बघता म्हणाल्या, "टॉयलेट बंद आहे सर. कुलूप आहे."

"कधीपासून?"

"आहेच." किल्ली समोर खिळ्याला लटकवलेली दाखवली मला. तिच्यावर धूळ!

"अहो पण मग ते गेले कुठे? आत्ता मघाशी उठले ना त्या टेबलावरून!"

आता बाईंनी वर पाहिलं. कंटाळलेल्या माणसाच्या आवाजात म्हणाल्या, "सर, तुम्ही रोज हेच विचारता."

रोज! मी त्या टेबलाशी पहिल्यांदा बसलो होतो हो! पण म्हटलं, बाईंचं वय झालंय, म्हातारपणी होतो असा घोटाळा, त्यांना दुसरंच कोणी आठवत असेल. वाद घालायचा नाही, शिष्टाचार म्हणजे शिष्टाचार. परत येऊन बसलो. आणि बसल्यावर लक्षात आलं, त्याची कॉफी! तासभर होत आला आणि वाफ येतेय. तशीच. माझी कधीच गार पडून वर साय धरलेली आणि हिची वाफ सरळ वर!

आता मला सांगा, दुसऱ्याच्या स्क्रीनमध्ये डोकावायचं नाही हा नियम, कबूल. पण लक्ष ठेवायचं म्हणजे बघायचंच ना? न बघता लक्ष कसं ठेवणार? शिवाय ती स्क्रीन विझत नव्हती. माझ्या लॅपटॉपची पाच मिनिटांत विझते. ही लख्ख! म्हटलं, घरचा फोन नंबर वगैरे मिळाला तर कळवावं बिचाऱ्यांना. केली मान लांब. आणि काय होतं माहितेय? माहितीपुस्तक!

हो, माझ्याच धंद्यातलं! पायऱ्या घालून, नीट. वाचलं, तुम्हाला तोंडपाठ सांगतो.

‘पायरी एक: शेजारी सभ्य माणूस येईपर्यंत वाट पाहावी. ओळख: कप स्वतः उचलतो, फोनवर बोलायला बाहेर जातो, वायर नीट गुंडाळतो. पायरी दोन: हसून म्हणावे, जरा लक्ष ठेवाल का, दोन मिनिटांत आलो. पायरी तीन: तो हो म्हणताच उठावे. मागे वळून पाहू नये. पायरी चार: त्याच्या घरी जावे. तो इथे बसलेला असल्यामुळे तिथली जागा रिकामी असते.’

आणि खाली चौकटीत, ‘इशारा: लक्ष ठेवणाऱ्याने दुसरा सभ्य माणूस मिळाल्याशिवाय कॅफेबाहेर पाऊल टाकू नये. टाकल्यास घरची जागा कायमची जाते.’

आता तुम्ही असता तर किंचाळला असता की नाही? मी काय केलं? पायरी चारनंतर पूर्णविराम राहिला होता, तो दिला! खरंच सांगतो, बोटं आपोआप गेली हो, वीस वर्षांची खोड, चूक दिसली की हात थांबत नाही! आणि पूर्णविराम दिला तसा बाजूला तो रकाना उघडला, कोणी कधी काय दुरुस्त केलं त्याचा. मी आपला वर वर सरकवतोय... संपेचना! शेकडो दुरुस्त्या. कोणी वेलांटी सुधारलीय, कोणी शब्द गाळलाय, प्रत्येकाचा रंग वेगळा. आणि सगळ्यात अलीकडची, माझ्या पूर्णविरामाच्या अगदी आधीची, ‘वायर नीट गुंडाळतो’. आजचीच तारीख. दहा पन्नास. दहा पन्नासला मी खाली वाकून काय करत होतो? सांगितलं ना मघाशी!

वीस वर्षांत मी एकदाही इशारा गंमत म्हणून लिहिलेला नाही. ‘हात आत घालू नये’ लिहिलं म्हणजे कोणाचा तरी हात गेलेला असतो हो, त्याशिवाय कंपनी ती चौकट छापत नाही. त्यामुळे ती चौकट वाचली आणि मी होतो तिथं खिळलो.

आणि तेवढ्यात घड्याळाकडे लक्ष गेलं. बारा वीस!

पोरगी! साडेबाराला शाळा सुटते तिची. सात वर्षांची आहे, ठमी म्हणतो आम्ही, पुढचा एक दात पडलाय आणि उरलेल्या जागेतून दिवसभर बोलत असते. मी गेलो नाही तर फाटकाशी उभी राहते. कोणाबरोबर जात नाही, मीच शिकवलंय तसं, बाबा दिसल्याशिवाय हलायचं नाही. आता काय करू? जावं तर इशारा, बसावं तर पोरगी! लॅपटॉप उचलून काउंटरवर नेला, म्हटलं, "बाई, एवढं ठेवून घ्या, हात जोडतो." बाई म्हणाल्या, "ग्राहकांच्या वस्तू आम्ही ठेवत नाही सर." पाटी दाखवली. पाटीवर तेच लिहिलेलं! परत आलो. त्या कोपऱ्यातल्या बाईंकडे गेलो, हेडफोनवाल्या, म्हटलं, "ताई, दोन मिनिटं, जरा लक्ष ठेवाल?" मान न उचलता म्हणाल्या, "सॉरी, माझं आधीच एक आहे." खिडकीजवळच्या त्या आजोबांना विचारलं, त्यांनी नुसता हात हलवला. आजकाल कोणाला रीतच राहिलेली नाही! मी असतो तर हो म्हटलं असतं की नाही? म्हणजे... म्हटलंच होतं म्हणा.

बारा तीस. बारा चाळीस. माझा जीव असा टांगणीला, डोळ्यांसमोर ते फाटक, एकेक पोर घरी जातंय आणि ही उभी. म्हटलं खड्ड्यात गेला इशारा, जातो! उठलो... आणि फोन वाजला. बायकोचा. नियम असा की फोन बाहेर घ्यायचा, पण कसला नियम, तिथंच घेतला, "अगं ऐक, ठमीला..."

तर पलीकडून बायको काय म्हणते? मला नाही म्हणत, घरात कोणालातरी म्हणतेय, "अहो! इकडे या! तुमचा फोन लागला, पण कोणीतरी उचललाय!"

मी म्हटलं, "अगं मी बोलतोय!"

"कोण बोलताय तुम्ही? हा फोन आमच्या ह्यांचा आहे. घरी शोधतोय मघापासून, म्हणून वाजवून बघितला."

"अगं ह्यांचा म्हणजे माझा! ठमी कुठाय?"

"माझ्या मुलीचं नाव तुम्हाला कसं माहीत?" असा आवाज चढला तिचा! आणि मागून, तुम्हाला सांगतो, मागून पोरगी हसत होती. दात पडलेल्या फटीतून हवा जाते ना, तसं हसू. म्हणत होती, "बाबा, अजून एकदा! अजून एकदा!" आणि एक पुरुषाचा आवाज. माझा! रेकॉर्ड केलेला आपला आवाज आपल्याला कसा परका वाटतो, अगदी तसा. तो म्हणाला, "राहू दे गं, ठेव फोन. कॅफेत राहिला असेल. सभ्य माणसं असतात तिथं, कोणीतरी लक्ष ठेवेल. मी आणतो नंतर. दोन मिनिटांचं तर काम!"

आणि बायको म्हणाली... म्हणजे फोन ठेवता ठेवता तिच्या तोंडचं ऐकू आलं मला... "आज वेळेवर आणलंत हो तिला. रोज दहा मिनिटं उशीर करता."

रोज उशीर होत नव्हता! सिग्नल असतो मध्ये!

रडलो का? रडलो. उघड सांगतो, त्यात काय लाजायचं. टेबलावर डोकं ठेवून रडलो, कीबोर्डवर पाणी पडू नये म्हणून रुमाल अंथरून रडलो. कारण मला त्याचा राग येईना हो, तेच तर दुखणं! कॅफेत खुर्ची रिकामी दिसली की आपण काय विचारतो? ‘इथं कोणी आहे का?’ कोणी नाही म्हटलं की बसतो. माझी घरची खुर्ची रिकामी होती. आणि ती राखायला तिच्यावर मी काय ठेवलं होतं? काही नाही. इथं मात्र परक्याच्या लॅपटॉपसाठी डोळ्यांत तेल घालून बसलो होतो.

तेव्हापासून बसलोय. नऊ दिवस... नऊच असावेत. रात्री कॅफे बंद होत असेल की नाही, ते मला विचारू नका, मी स्क्रीनवरून डोळे वर करतो तेव्हा सकाळचे अकराच वाजलेले असतात. भूक लागत नाही. आणि इतक्या कॉफ्या झाल्या, टॉयलेटला जावंसं वाटलेलं नाही एकदाही! नाहीतरी कुलूपच आहे म्हणा. सोय केलीय तशी.

काल ते आले होते. हो! त्या काचेपलीकडून चालले होते, पोरगी आणि तो. स्वेटर नव्हता. माझा निळा शर्ट होता अंगात, ज्याचं तिसरं बटण तुटलेलं आहे, म्हणजे होतं. सहा महिने मी म्हणतोय, लावून दे, लावून दे... लावलेलं! आणि पोरीच्या दोन वेण्या अशा सरळ, एकसारख्या. मला कधी जमल्या नाहीत तशा, माझ्या हातची एक वर आणि एक खाली असायची. ती थांबली. काचेला नाक लावलं तिनं आणि बघत राहिली माझ्याकडे. मी हात हलवला. म्हणाली, काचेतून ऐकू येत नाही पण ओठ कळतात ना आपल्या पोराचे... म्हणाली, "बाबा, हे काका रडतायत."

एक क्षण मला वाटलं, ओळखेल. ओळखेलच! तर तो खाली वाकून तिला म्हणाला, त्याचेही ओठ कळले मला, "काम करणाऱ्या माणसांकडे असं टक लावून बघू नये, बाळा."

आणि ती लगेच वळली. मीच शिकवलंय ते! माझीच शिकवण, माझ्याच पोरीला, माझ्याच शब्दांत! मी अर्धा उठलो, खुर्ची मागे सरकली, आणि चौकट आठवली... ‘कायमची जाते’. बसलो परत. तर जाता जाता त्यानं काचेतून माझ्याकडे पाहिलं, आणि दोन बोटं वर केली. दोन मिनिटं!

म्हणून म्हणतो, तुम्ही आलात ते फार बरं झालं. नाही, उगाच नाही म्हणत. सकाळपासून बघतोय मी तुम्हाला. कप स्वतः उचललात. मघाशी फोन आला तर बोलायला बाहेर जायला निघालात, मग दाराशी थबकून न घेताच परत आलात, तेवढं एक बोलणं सोडून आला असाल माझ्यासाठी. आणि इतका वेळ माझं रडगाणं ऐकलंत, एकदाही घड्याळ बघितलं नाहीत. असा सभ्य माणूस नऊ दिवसांत दिसला नाही मला! आता तुम्ही म्हणाल, एवढं सगळं सांगून कोणी विचारतं का? खरंय. त्या स्वेटरवाल्यानं सांगितलं नव्हतं. पण मला नाही जमत तसं. वापरणाऱ्याला इशारा आधी द्यायचा, मग बटण दाबू द्यायचं, हा माझ्या धंद्याचा नियम. मनाला लागतंय, तुमचंही घर असेल, तिथंही कोणी वाट बघत असेल... पण बारा वीस झालेत हो. साडेबाराला शाळा सुटते. मी नुसता फाटकापर्यंत जातो, त्याच्या आधी पोचतो, तिच्यासमोर उभा राहतो, एवढंच. वेण्या बघतो. आणि देवाशपथ परत येतो. तर... जरा लक्ष ठेवाल का? दोन मिनिटं?

...

नाही म्हणून मान का हलवताय?

काय म्हणता? तुम्हीच मला विचारणार होता?... म्हणून एवढा वेळ ऐकून घेतलंत होय! मी थांबायची वाट बघत!... म्हणजे हा तुमच्यासमोरचा लॅपटॉप... तुमचा नाही? अरे देवा. किती दिवस?... दोन महिने! आणि मला आजच दिसलात, डोळे सारखे स्क्रीनवर ना माझे! आणि फोन बाहेर न घेता परत आलात ते... तुम्हालाही चौकट होती. अहो, मग त्या कोपऱ्यातल्या ताई? ‘आधीच एक आहे’ म्हणाल्या त्या... त्याही? आणि खिडकीजवळचे आजोबा? ओ आजोबा! तुमचापण?... मान डोलावली. बघा, सगळ्यांनीच डोलावल्या. वर न बघता.

‘हल्ली सगळे तिथेच बसतात दिवस दिवस.’ बरोबर बोलली होती बायको.

मग आता काय... बसायचं. नाही नाही, तुम्ही कशाला वाईट वाटून घेता, तुम्ही विचारलं असतंत तर मी हो म्हणालोच असतो, स्वभाव आहे एकेकाचा. कॉफी सांगू? दीड तास झालाय. अहो बाई, इकडे दोन! आणि तुमची वायर तेवढी आत सरकवा हं, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात येईल.

म्हणजे... येणाऱ्याच्या.